परतीची शाळा, राहण्याची शाळा

वळिवड्याच्या पोलिश छावणीबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, त्याचा सूर बहुतेक वेळा सत्कार समारंभाचा असतो. कोल्हापूरने आसरा दिला, पाहुणे सुखाने राहिले, जाताना गहिवरले. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केलं, तेव्हा हाच सूर पुन्हा लागला. अनुराधा भट्टाचार्जी यांचं ‘द सेकंड होमलँड’ (सेज, २०१२) हे पुस्तक या गोतावळ्यात वेगळं आहे. परवानगी कोणी दिली, खर्च कोणी उचलला, असे कोरडे प्रश्न त्यात गहिवराच्या शेजारी बसतात. शीर्षकाशी मात्र माझं भांडण आहे. दुसरा मायदेश? छावणीतल्या शाळेकडे पाहिलं की हे पटत नाही.

ही माणसं पूर्व पोलंडची. १९४०पासून सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१मध्ये सुटका झाली, आणि जनरल अँडर्सच्या सैन्यामागोमाग कित्येक जण इराणमध्ये पोचले. जामनगरजवळ बालाचडीला १९४२मध्ये मुलं आली. वळिवड्याला १९४३पासून सुमारे पाच हजार माणसं राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. जागा कोल्हापूरची, पैसा लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. कोल्हापूरचं औदार्य खोटं नव्हतं, पण बिल दुसऱ्याच्या नावावर होतं. भाषणांतून ही ओळ हमखास गळते.

आणि बिल ज्याचं, अभ्यासक्रम त्याचा. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, चर्च, स्काउट पथकं, सगळं पोलिशमधून. पंचगंगेच्या खोऱ्यात बसून पोरं विस्तुला नदीचा भूगोल शिकत होती. यात हसण्यासारखं काही नाही. ही परतीची शाळा होती, आणि परत जायचं तर भाषा शाबूत हवी. पण फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या पदरात पडला आणि जुलैत ब्रिटनने लंडनमधल्या त्या सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या गावी परतायचं, ते देशातच उरलं नाही. शाळा तरी चालू राहिली. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. हाकलपट्टीत ज्यांची वर्षंच्या वर्षं वाया गेली, त्या मुलांना घंटा, तास, परीक्षा परत मिळाल्या. पुढे त्यांतले बरेच जण इंग्लंडला गेले. तिथे त्यांना एकत्र बांधून ठेवणारी भाषा ही इथे जपलेलीच होती.

१९४७-४८मध्ये छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर, कापडाची घाऊक पेठ. सिंध्यांचं परागंदा सरकार कुठेच नव्हतं, परतीची भाषाही नव्हती. त्यांनी शाळा-कॉलेजं उभारली ती राहण्यासाठी. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून विस्थापित झालेल्या प्राध्यापकांनी १९४८मध्ये मुंबईत कॉलेज काढलं आणि नाव ठेवलं ‘जय हिंद’. त्या नावात मागे वळून पाहणं नाही.

किंमत मात्र भाषेने मोजली. सिंधी अरबी लिपीत लिहायची की देवनागरीत, हा वाद वर्षानुवर्षं चालला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती आली १९६७ साली. हिंदमाताला साडी घेताना दुकानदार सिंधी निघाला, तर त्याच्या सफाईदार मराठीचं आपण कौतुक करतो. त्याच्या नातवाला आजोबांची पत्रं वाचता येतात का, हे विचारत नाही.

पोलिश मुलांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या, कोल्हापूरला येऊन गेली, म्हणून त्यांची कथा आपल्यापर्यंत आली. बराकीतले दुसरे भाडेकरू अजून तिथेच राहतात. त्यांना विचारायला वॉर्साला जावं लागत नाही. कोल्हापूरहून रिक्षा मिळते.