मुद्रेवरून कुळशील

'चांगल्या घरचा दिसतो' हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, त्यात एक सिद्धांत दडलेला आहे याची जाणीव ना बोलणारास असते, ना ऐकणारास. दाराशी आलेल्या अनोळखी तरुणास ओसरीवर बसवावे की उंबऱ्याबाहेरच उभे ठेवावे, याचा निकाल त्या एका दृष्टिक्षेपात लागून जातो. विवाहाच्या जाहिरातींत 'गोरी, सुस्वरूप, घरंदाज' ही विशेषणे एका दमात येतात. जणू तिसरे पहिल्या दोहोंतून आपोआप निष्पन्न व्हावे! आपल्या कादंबरीकारांनीही ही सवय मोठ्या प्रेमाने जोपासली. नायक कितीही दरिद्री असो, त्याचे नाक सरळ असावयाचेच. आणि मोलकरणीच्या पोरीचा चेहरा रेखीव असल्याचे दुसऱ्या प्रकरणात सांगितले गेले की, शेवटच्या प्रकरणात ती कोणा जहागीरदाराची हरवलेली कन्या निघणार, हे मुरलेल्या वाचकाने खुशाल समजून चालावे.

तेव्हा प्रश्न असा की, निव्वळ शरीर पाहून, म्हणजे पोशाख, भाषा, नाव आणि सोबत ही सर्व बाजूस ठेवून, माणसाचा सामाजिक दर्जा ओळखता येतो काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. कोणास पाणी मिळावे, कोणास खोली मिळावी, कोणास नोकरी मिळावी, हे त्यावर अवलंबून राहिले आहे.

ह्या प्रश्नास 'होय' असे उत्तर देऊन त्याचे शास्त्र बनविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न हर्बर्ट रिस्ले यांनी केला. १९०१ च्या खानेसुमारीचे हे प्रमुख अधिकारी. नाकाच्या रुंदीस उंचीने भागून शंभराने गुणले असता जो आकडा येतो, त्यास नासिकांक म्हणतात. जातीचा नासिकांक जितका कमी, तितका तिचा सामाजिक दर्जा वरचा, असा नियमच रिस्ले यांनी बसविला. १९०८ च्या 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या ग्रंथातही त्यांचा हाच रोख आहे. आमच्याकडील उच्चवर्णीयांस हे शास्त्र त्या काळी अप्रिय वाटले असेल असे समजण्याचे कारण नाही. आपले नाक मोजून कोणी आपणास मोठे ठरवीत असेल तर त्याचा हात कोण धरणार?

त्या शास्त्रास पहिला खोल धक्का दिला तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जाती आणि वंश यांवरील ग्रंथात त्यांनी तीच मोजमापे प्रांतवार तपासली. हिंदुस्थानीभाषी उत्तरेकडील मुलूख वगळला, तर इतर भाषिक प्रदेशांत शरीराची ठेवण आणि जातीची उतरंड यांचा मेळ बसत नाही, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. पुढे १९४८ साली डॉ. आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' मध्ये घुर्ये यांच्याच आकड्यांचा आधार घेऊन, मानवमिती हे विश्वसनीय शास्त्र असेल तर त्यावरून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात, असा बिनतोड पेच टाकला. इरावती कर्वे यांची साक्षही येथे काढण्याजोगी आहे. बर्लिनमध्ये कवट्यांचा अभ्यास करून आलेल्या आणि महाराष्ट्रात गावोगाव मोजपट्टी घेऊन हिंडलेल्या ह्या विदुषीस आढळले ते असे की, एकाच नावाखाली मोडणाऱ्या जातीसुद्धा परस्परांपासून भिन्न असतात. 'ब्राह्मण' किंवा 'कुंभार' हे नाव एक असले म्हणून शरीर एक असते असे नाही.

शिवाय रिस्ले यांचे सारे आकडे सरासरीचे होते. सरासरी ही कोणाच्याही दाराशी येऊन उभी राहत नाही. दाराशी येतो तो एक माणूस, आणि त्याचे नाक सरासरीस बांधलेले नसते.

परंतु विद्वानांचा हा वाद क्षणभर बाजूस ठेवू. माझ्या मते ह्या प्रश्नाचा खरा निकाल प्रयोगशाळेत नव्हे, तर रूढीच्या दरबारात फार पूर्वीच लागला होता. १९३६ च्या 'अनायहिलेशन ऑफ कास्ट' ह्या न दिल्या गेलेल्या भाषणात आंबेडकरांनी पेशवाईतील नियमांचा उल्लेख केला आहे. पुण्यात अस्पृश्याने कमरेस झाडू बांधावा आणि गळ्यात मडके अडकवावे हा भाग सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या शेजारचा तपशील मात्र वाचकांच्या नजरेतून निसटतो: मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा. तो कशासाठी? तर सवर्णास त्याचा चुकून स्पर्श होऊ नये म्हणून. ह्या 'चुकून' शब्दावर थांबले पाहिजे. चूक होण्याचा संभव होता म्हणूनच दोरा हवा होता! शरीर पाहून जात कळत असती, तर दोऱ्याची गरज कोणास पडली असती? ज्या समाजाने जातीचे सर्वांत कडक नियम केले, त्याचाच डोळ्यांवर सर्वांत कमी विश्वास होता. लुगडे कसे नेसावे, दागिने कोणत्या धातूचे घालावे, नाव कोणते ठेवावे, याविषयीचे निर्बंध म्हणजे शरीराच्या मुकेपणाचा लेखी कबुलीजबाबच होय.

ज्यांच्यावर ही चिन्हे लादली होती त्यांस हे मर्म पंडितांपेक्षा अधिक कळले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जात सांगणारे जड दागिने टाकून देण्यास सांगितले. हा उपदेश नटण्यामुरडण्याचा आहे असे ज्यांस वाटले त्यांनी काळा दोरा विसरून तो वाचला असावा.

आता ज्या लिखाणासाठी हा लेख हाती घेतला त्याकडे वळतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या इंग्रजी नावाचे आंबेडकरांचे छोटेसे आत्मकथन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते १९९० साली प्रसिद्ध झाले. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या प्रश्नावर ह्याहून चांगले लिखाण महाराष्ट्रात झालेले नाही. त्यातील पहिली हकीकत १९०१ सालची. साताऱ्याहून चार मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरतात. कोरेगावच्या बाजूस नोकरीवर असलेल्या वडिलांकडे जावयाचे आहे. पत्र वेळेवर न पोचल्याने घ्यावयास कोणी आलेले नाही. लेखक प्रवासाच्या तयारीवर जो वेळ घालवितो तो घाईच्या वाचकास अनाठायी वाटेल: नवे सदरे, चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे. वास्तविक पुढील सारी घटना ह्या कपड्यांतूनच उगवते. स्टेशनमास्तर मुलांची आस्थेने चौकशी करतो, कारण ती ब्राह्मणांची आहेत असे तो धरून चालला आहे. जात विचारताच मुलगा निरागसपणे महार म्हणून सांगतो, आणि मास्तरांची मुद्रा पालटते.

येथे कोणाच्या मुद्रेवर काय लिहिले होते? मुलांची मुद्रा उत्तरापूर्वी जी होती तीच उत्तरानंतर होती. बदलला तो पाहणाराचा चेहरा. हे आंबेडकर सांगत नाहीत. ते नुसते घडलेले लिहून पुढे जातात, आणि ह्या संयमातच त्यांच्या गद्याचे बळ आहे. ह्याच प्रसंगावर एखाद्या भावनाशील लेखकाने दोन पाने अश्रू सांडले असते. आंबेडकर त्याऐवजी गाडीचे भाडे सांगतात: दुप्पट, आणि तेही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकावी व गाडीवाल्याने बाजूने पायी चालावे.

त्याच रात्री टोलनाक्यावर मुलगा पाणी मागावयास जातो, आणि शिकवून ठेवल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असे उर्दूत सांगतो. उर्दू चांगले असल्याने नाकेदारास संशय येत नाही; पाणी मात्र मिळत नाही. डोळ्यास फसविता आले, कानासही फसविता आले, तरी घागर हलली नाही. ही हकीकत कोणत्याही सिद्धांताच्या साच्यात नीट बसत नाही, आणि म्हणून ती मला अधिक खरी वाटते.

दुसरी हकीकत १९३४ ची, दौलताबादची. वेरूळची लेणी पाहण्यास निघालेली तीसेक कार्यकर्त्यांची मंडळी निजामाच्या मुलखातून आपली ओळख न देता प्रवास करीत होती. वाटेतली गावे त्यांनी विनासायास ओलांडली. कोणी काही ओळखले नाही. दौलताबादेस त्यांचे लोक स्वागतास वेशीवर जमले होते. पुढे किल्ल्याच्या दाराशी हौदावर तोंड धुतल्याबरोबर एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान हौद बाटला म्हणून ओरडत आला. ह्या मंडळींत परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला एक बॅरिस्टर होता. निवेदनाचा क्रम लक्षात घेतला तर ओळख उघडी पडली ती चेहऱ्यांमुळे नव्हे, आपल्या माणसांच्या प्रेमामुळे, असाच अर्थ निघतो. सोबत जात सांगते, शरीर सांगत नाही.

त्याच निजामी मुलखात, बालाघाटाच्या पठारावर, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील वाशी हे गाव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा टापू हैदराबाद संस्थानात होता. येथील बाजारात उभे राहिले असता रिस्ले यांचे शास्त्र तर राहोच, पण 'घरंदाज चेहऱ्या'चा आपला घरगुती सिद्धांतही टिकत नाही. पठाराचे ऊन कोणाची जात विचारीत नाही. पंचवीस एकरांचा धनी आणि त्याचा सालगडी दोघेही सारखेच रापलेले. मात्र येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. शरीर कोरे नसते. श्रम आणि उपासमार त्यावर लिहितात. दिवाळीच्या सुमारास ह्या भागातून मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. नवरा आणि बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' धरला जातो. पाचटाने चिरलेले हात, मोळ्या वाहून खचलेली मान, लहानपणीच्या अपुऱ्या अन्नाने खुंटलेली उंची. हे सारे दिसते, आणि दिसत नाही असे म्हणणे हा आंधळेपणा होईल.

परंतु हे जे वाचता येते ते काय असते? ते काम असते, कुळ नव्हे. कोयता घेऊन जाणारांपैकी कित्येकांची गावी दोनचार एकर कोरडवाहू जमीन असते. आषाढात जो बांधावर उभा राहून पेरणी करणारा शेतमालक, तोच मार्गशीर्षात परक्या फडातला मजूर. शरीर एक, वर्षात दर्जे दोन. त्याच्या हाताकडे पाहून तुम्ही त्यास कोणत्या वर्गात घालाल? आणि त्याचाच मुलगा पुण्यास शिकावयास गेला, चार वर्षे सावलीत बसला, की बापाच्या हातावरची लिपी त्याच्या हातावर उरत नाही.

ललित वाङ्मयात हा पेच सर्वांत धीटपणे हाताळला तो बाबुराव बागुलांनी. १९६३ साली आलेल्या त्यांच्या संग्रहाचे आणि त्यातील कथेचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण जात लपवून राहतो. त्याच्या कवितेवर लुब्ध झालेला तिवारी त्यास घरी जेवावयास नेतो. आणि बिंग फुटल्यावर त्यास मार खावा लागतो. तोंड पाहून जात कळत नाही, म्हणूनच ही कथा घडू शकते. मला तीत सर्वांत भेदक वाटते ते शीर्षकातील क्रियापद. माणूस चोरतो ते दुसऱ्याचे. स्वतःचीच जात न सांगणे ही चोरी कशी? ती चोरी ठरते, कारण माझी जात ही माझी नसून तुमच्या माहितीची मालमत्ता आहे असे आपली भाषाच मानते. कथेत आवेश फार आहे, काही ठिकाणी पात्रे भाषणे करतात, हा दोष मी लपवीत नाही. पण नायकास धारदार नाक देणाऱ्या शंभर नीटस कादंबऱ्यांपेक्षा ह्या एका खडबडीत शीर्षकात समाजाचे ज्ञान अधिक आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'चा (१९७५) निर्देश येथे ओघानेच येतो. शॉच्या नाटकावरून रचलेल्या ह्या नाटकात फूलवालीचे शरीर तेच राहते, बोली तेवढी बदलते, आणि तेवढ्यावर ती प्रतिष्ठितांत खपून जाते. प्रेक्षक खळखळून हसतात. आपल्याच 'चांगल्या घरचा दिसतो' ह्या वाक्याची ही थट्टा चालली आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे.

पांढरपेशा घरांतून आजही एक वाक्य स्तुती म्हणून ऐकू येते: 'तुम्ही त्यातले वाटत नाही हो!' ज्यास ते ऐकावे लागते त्यास त्याचे उत्तर देता येत नाही, कारण आभार मानावे तर आपल्या माणसांचा अपमान होतो, आणि न मानावे तर यजमानाचा. बोलणाराच्या मनात मात्र एक चेहरा आधीच तयार असतो, आणि समोरचा चेहरा त्याशी जुळला नाही तर तो आपला साचा टाकीत नाही, समोरच्यास अपवाद ठरवितो. वाशीहून शिकावयास आलेला मुलगा पुण्यात खोली पाहावयास जातो. मालकीणबाई त्यास नीट न्याहाळतात, गाव विचारतात, वडील काय करतात ते विचारतात. आणि तो पुरता उजेडात उभा असतानाही शेवटी त्यांस त्याचे आडनाव विचारावेच लागते.