‘हा-दिबुक’ आणि त्यामागची गावोगावची भटकंती

‘हा-दिबुक’ या नाटकाचे नाव ऐकले नाही असे घर इस्राएलात विरळा. हबीमा नाट्यसंस्थेने ते ३१ जानेवारी १९२२ रोजी मॉस्कोत बियालिकच्या हिब्रू भाषांतरात रंगभूमीवर आणले. लेआच्या भूमिकेतील हाना रोविना हिचे पांढऱ्या वेषातले छायाचित्र आपण कोठे ना कोठे पाहिलेले असते. परंतु या नाटकामागे खेड्यापाड्यांतून केलेली मोठी भटकंती आहे, हे आपल्या मंडळींत फारसे कोणी बोलत नाही. हल्ली आपलीही तरुण मुले-मुली मेंदी, मलिदा, कोकणातल्या जुन्या चालीरीती यांवर कार्यक्रम बसवतात, म्हणून या नाटकाबद्दल थोडे लिहावेसे वाटले.

नाटककार आन्-स्की याचे खरे नाव श्लोयमे झानव्ल रापोपोर्ट (१८६३–१९२०). तरुणपणी तो घरच्या धार्मिक वळणापासून दूर गेला, रशियन खाणकामगारांत राहिला आणि पुष्कळ वर्षांनी आपल्या लोकांकडे परतला. आजीबाईंच्या गोष्टी, गाणी, तोडगे म्हणजे आपली दुसरी तोंडी तोरा होय आणि पुढच्या ज्यू कलेने याच मातीतून उगवले पाहिजे, असे त्याचे मत होते. १९१२ ते १९१४ या काळात तो वोल्हिनिया, पोदोलिया व कीव या प्रांतांतल्या सुमारे सत्तर गावांतून हिंडला. आज हा मुलूख युक्रेनमध्ये येतो. सोबत संगीतकार योएल एंगेल आणि छायाचित्रे काढण्यासाठी तरुण शलोमो युदोविन होता. दोन हजारांच्या आसपास छायाचित्रे आणि पाचशे मेणाच्या नळ्यांवर मुद्रित केलेली गाणी त्यांनी जमवली. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि काम थांबले. पुढे याच एंगेलने हबीमाच्या प्रयोगाला संगीत दिले.

आता नाटकाकडे वळू. कथा थोडक्यात अशी: सेंडर आणि निस्सन हे दोन मित्र, बायकांना दिवस गेलेले असताना, मुलगा व मुलगी झाल्यास त्यांचे लग्न लावू असे वचन एकमेकांस देतात. पुढे निस्सन मरतो, सेंडर श्रीमंत होतो व वचन विसरतो. निस्सनचा मुलगा खानान हा गरीब विद्यार्थी. लेआचे लग्न दुसरीकडे ठरल्याचे ऐकताच तो कोसळून मरतो आणि लग्नाच्या दिवशी लेआच्या शरीरात शिरतो. ‘दिबुक’ म्हणजे चिकटलेला. आपल्याकडच्या अंगात येण्याशी याची गल्लत करू नये. अंगात देव येतो, त्याला नारळ देतात, कौल विचारतात. दिबुक हे झपाटणे आहे. कोकणात वाढलेल्यांनी खानानला मुंजाचा भाऊबंद समजावे. फरक इतकाच, की मुंजा पिंपळावर राहतो.

माझ्या मते नाटकाचा सर्वांत सरस भाग दुसरा अंक आहे, आणि त्याचे कारण ती भटकंतीच. लग्नापूर्वी गोरगरिबांना जेवण घालतात व नवरीने त्यांच्याबरोबर नाचायचे असते. गावाच्या मधोमध एक थडगे आहे. १६४८ च्या कत्तलीत लग्नमंडपाकडे जाताना मारलेले वधूवर तेथे पुरलेले आहेत, आणि गावात लग्न लागले की लोक त्या दोघांना बरे वाटावे म्हणून थडग्याभोवती नाचतात. लेआ कबरस्तानात जाऊन आपल्या मेलेल्या आईला लग्नाचे आमंत्रण देते. असल्या गोष्टी टेबलापाशी बसून सुचत नाहीत. वधूवरांची अशी थडगी आन्-स्कीने प्रवासात पाहिली होती. आपल्याला तर हे सांगायलाच नको. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांच्या दोन कबरी आहेत, पुरुषांची एक व स्त्रियांची एक, आणि जहाज फुटल्याची गोष्ट त्या दोन उंचवट्यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या टिकली. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावरच्या खुणांना एलियाहू हनाबीचा टापा म्हणतात. जमिनीवर खूण असली की गोष्ट मरत नाही, हे आन्-स्कीने ओळखले होते.

पुढे मात्र नाटक ढिले पडते. रब्बी अझ्रिएल दिबुकाला बाहेर काढतो, मेलेल्या निस्सनला न्यायसभेपुढे बोलावले जाते, फिर्याद, जबाब, निवाडा. हे सारे भव्य आहे, पण येथे चालीरीती माणसांच्या हातून सुटून समारंभाच्या हाती जातात. शिवाय बियालिकची हिब्रू इतकी भारदस्त, की पहिल्या अंकात सिनागॉगमध्ये बसलेले रिकामटेकडे लोकही संदेष्ट्यांसारखे बोलतात.

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. आन्-स्कीने युद्धाआधी एक प्रश्नावली तयार केली होती. ती १९१४ साली छापली गेली. त्यात २,०८७ प्रश्न आहेत. नेथॅनिएल डॉइच यांनी २०११ साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. प्रश्न सुरू होतात मूल पोटात असल्यापासून आणि संपतात मरणानंतर. गरोदरपण, दृष्ट, सुईण, ताईत, बाळंतिणीची खोली. माझा जन्म प्रसूतिकक्षात गेला, म्हणून सांगते: असले प्रश्न ज्याला सुचले तो बायकांच्या शेजारी बसून, त्यांना मध्ये न तोडता ऐकणारा मनुष्य असला पाहिजे. आता नाटक पाहा. दोन मित्र न जन्मलेल्या मुलांचे लग्न ठरवतात, आणि ज्या दोघींच्या पोटात ती मुले आहेत त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. न्यायसभेतही त्यांना कोणी बोलावत नाही. लेआची आई कबरेत, घरात म्हातारी फ्रादे दाई, आणि तिचे काम समजूत घालण्याचे. खुद्द लेआ तिसऱ्या अंकात तोंड उघडते तेव्हा आवाज बहुतेक खानानचाच. गावोगावच्या म्हाताऱ्यांनी जे सांगितले असेल, त्यातले रंगभूमीवर फार थोडे पोचले.

तरी आन्-स्कीवर अन्याय नको. शेवटी सारे तिला एकटी सोडून जातात तेव्हा लेआ कधीच न जन्मणाऱ्या आपल्या बाळांसाठी अंगाई गाते. त्या एका जागी प्रश्नावलीतल्या बायका नाटकात परत येतात. मृत मूल जन्मलेल्या स्त्रियांना मी रात्री खाटेवर असेच पुटपुटताना ऐकले आहे, मराठीत, अरबीत, रशियनमध्ये. या प्रवेशाला मी मान तुकवते.

आपल्या कलावंत मुलांनी त्या नाटकापेक्षा त्या प्रश्नावलीकडून शिकावे, असे मला वाटते. हिरव्या बांगड्या आणि मलिद्याचे ताट रंगभूमीवर छान दिसते, पण ताट कोणी, कशासाठी बोललेला नवस म्हणून मांडले, हे विचारल्यावाचून ती नुसती सजावट होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपला इतिहास १८९७ मध्ये लिहून ठेवला आणि तो तेल अवीवला १९३७ साली छापला गेला. म्हणजे मधली चाळीस वर्षे तो तसाच पडून होता. आन्-स्कीच्या मेणाच्या नळ्याही कितीतरी वर्षे कीवच्या ग्रंथालयात अडगळीत होत्या. आता तेथे त्या जपून ठेवल्या आहेत. दिमोना, लोद, अश्दोद येथल्या आपल्या म्हाताऱ्या बायकांकडे मात्र इतका वेळ नाही.

मी स्वतः गरोदरपणाचे प्रश्न मराठीत करून घेतले आहेत आणि आमच्या इमारतीतल्या रेवदंड्याकडच्या एका मावशींना दर मंगळवारी विचारते. तीन मंगळवार झाले. अजून डोहाळ्यांच्या पुढे गेलो नाही.