ट्रॅक थांबत नाही

एकटा गायक गिटार घेऊन उभा आहे आणि मागून ड्रम, बेस, व्हायोलिन सगळं ऐकू येतंय, असं झालं की श्रोत्यांत कुणीतरी पुटपुटतंच, 'हे लाइव्ह नाहीये.' २०१७ साली ग्लास्टनबरीत गायल्यावर एड शीरनवर हाच आरोप झाला. शेवटी त्याला ट्विटरवर सांगावं लागलं की हे लूप स्टेशन आहे, बॅकिंग ट्रॅक नव्हे. त्याचं म्हणणं खरं होतं. पण अशा वादांतून एक सोपी वाटणी रुजते: लूप म्हणजे प्रामाणिक, ट्रॅक म्हणजे फसवणूक. ही वाटणी मला अपुरी वाटते.

लूपची गंमत समजायला केटी टन्स्टलचं २००४चं सादरीकरण बघा. बीबीसीवरच्या जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात ती ऐनवेळी, दुसऱ्या कलाकाराच्या जागी आली होती. गिटारच्या लाकडावर थाप, मग डफली, मग स्वतःच्याच आवाजाचे थर. एकेक थर पायातल्या पेडलने पकडत तिने आपल्या डोळ्यांसमोर अख्खा बँड उभा केला. एखादी थाप चुकली असती, तर ती चूक गाणंभर फिरत राहिली असती. ती जोखीम आपल्याला दिसते, म्हणून मजा येते.

पण एकदा पकडलेला लूपही ऐकत नाही. लय तीच, कॉर्ड्स त्याच. तबलजी मात्र ऐकतो. गायक एखाद्या शब्दावर रेंगाळला तर तो सावरून घेतो, समेला गाठ घालून देतो. म्हणूनच आपण त्याला 'साथ' म्हणतो. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा ट्रॅक तेवढ्यातच संपणार, लोकांना आणखी एक अंतरा हवा असला तरी.

मग ट्रॅक टाकूनच द्यायचा? कॅफेत एकाचंच मानधन मिळत असेल, तर चार वादक आणायचे कुठून? प्रश्न आहे तो ट्रॅकमध्ये काय ठेवायचं याचा.

याचं उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा वाजतो. तीच ओळ पुन्हा पुन्हा. म्हणजे लूपच. आज रियाजाला तो मोबाइलवरच्या ॲपमधूनही वाजतो, तानपुराही तसाच. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, कारण लेहरा आवर्तन धरून ठेवतो, बोलायचं काम तबल्याकडेच राहतं.

हीच कसोटी गिगला लावावी. फोनवरून तयार फाइल सोडणं सर्वांत सोपं (एअरप्लेन मोड तेवढा लावा, नाहीतर मध्येच कॉल येईल) आणि सर्वांत बंदिस्त. लॅपटॉपवर एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचे तुकडे वेगळे ठेवले, तर धृपद दोनदा घ्यायचं की चारदा, हे गाणारा पायातल्या स्विचने तिथल्या तिथे ठरवू शकतो. लयीचा क्लिक फक्त त्याच्या कानात.

ट्रॅकमध्ये ठेका ठेवा, बेस ठेवा. पण सोलो, कोरस, प्रत्येक हरकतीला मिळणारं उत्तर हे सगळंच आधी भरून आणलं, तर गायक स्वतःच्याच मैफिलीत पाहुणा होतो. माझी तक्रार त्या पाहुणेपणाबद्दल आहे, मशीनबद्दल नाही.