तुकोबांच्या गाथेतला बाप

महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या रुजलेल्या आमच्या घरांतून मराठी पुस्तके हळूहळू कमी होत गेली, तरी देव्हाऱ्याशेजारची तुकोबांची गाथा बहुधा जागची हलली नाही. घरात कोणी गेले की तीच प्रथम उघडली जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका गृहस्थांचा तरुण मुलगा गेला. दहाव्या दिवशी भेटीस आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी, सांत्वनाच्याच हेतूने, मुलाच्या मृत्यूला ‘बरे’ म्हणणारा तुकोबांचा अभंग म्हणून दाखविला. ‘महाराजांनी मन घट्ट केले, तुम्हीही करा,’ असेही सांगितले. ते गृहस्थ काही न बोलता उठून आत गेले. तेव्हापासून तो अभंग आमच्या मनात सलत राहिला आहे. त्याचा असा उपयोग करण्यास गाथेचा आधार आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. 1630-31 च्या सुमारास दख्खन आणि गुजरात या प्रांतांवर भीषण दुष्काळ कोसळला. त्यात देहूच्या या वाण्याचे भरले घर उद्ध्वस्त झाले. व्यापार बुडाला, पत गेली, थोरली पत्नी रखुमाबाई उपासमारीने गेली. मुलगा संतोबा हाही याच काळात गेला, असे परंपरा सांगते. 1608 हे जन्मवर्ष धरले तर तुकोबा तेव्हा अवघे बाविशीचे होते.

आपल्या जातीपासून आणि व्यवसायापासून आरंभ करून तुकोबांनी ज्या अभंगात आत्मवृत्त सांगितले आहे, तो येथे प्रथम पाहावा. हे बोलू नये, परंतु संतांनी विचारले म्हणून सांगतो, असे ते सुरुवातीलाच म्हणतात. म्हणजे न विचारता हा माणूस बोलला नसता. पुढे आईवडील, दुष्काळ, पत्नीचा अन्नावाचून झालेला मृत्यू, लोकलज्जा, धंद्यातील तूट हे सारे क्रमाने येते. मुलाचा मात्र उल्लेखही नाही. एवढ्या प्रांजळ निवेदनात ही जागा रिकामी का राहिली असावी? विसर पडला असे म्हणवत नाही. पत्नीचे दुःख सांगता आले आणि मुलाचे सांगता आले नाही, असेच आम्हांस वाटते. प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात आजारी मुलासाठी वहाण घेऊन विठोबापुढे उभी राहणारी जिजाई प्रेक्षकांच्या कायमची लक्षात राहिली. आईचा संताप आपल्याला चटकन कळतो. बापाचे गप्प राहणे आपण वैराग्याच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

आता तो दुसरा अभंग. त्यात बाप, पत्नी, मूल आणि आई यांचे मृत्यू एकामागून एक येतात. मुलाच्या वाट्याला जेमतेम एक चरण येतो. नाव नाही, कसा गेला ते नाही. येथे ‘बरे’ हा शब्द आहे, हे खरे. परंतु तो कोणाला उद्देशून उच्चारला आहे? अभंगातील संबोधन विठोबाला आहे. दुष्काळाला आणि दिवाळ्यालाही ‘बरे’ म्हणणारा जो प्रसिद्ध अभंग आहे, त्यातही संबोधन देवालाच आहे. सर्वस्व गमावलेला माणूस ज्याच्याशी त्याचे भांडण आणि सख्य दोन्ही आहे त्याच्याजवळ स्वतःच्या घराविषयी बोलतो आहे. ती शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन सांगितलेली शिकवण नव्हे. जो शब्द बापाने स्वतःच्या जखमेविषयी देवाजवळ काढला, तो दुसऱ्या बापाच्या जखमेवर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला?

दुःखातून तुकोबा कसे चालत गेले, हे पाहावयाचे तर पुन्हा आत्मवृत्ताकडे वळावे लागते. देवाचे मोडकळीस आलेले देऊळ नीट करावे असे मनात आले, हा तेथील पहिला संकल्प आहे. त्यानंतर एकादशीचे कीर्तन. तेही आरंभी मन लागत नसतानाच. संतांची काही वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले, आणि देह कष्टवून जमेल तेवढा दुसऱ्यांना उपकार केला. स्वप्नातील गुरूपदेश आणि स्वतःची कविता या गोष्टी यानंतर येतात. ज्याचे मूल गेले आहे त्याला लगेच स्वतःचे शब्द सापडत नाहीत. तो आधी दुसऱ्यांच्या सुरात सूर मिसळतो, हाताला काम शोधतो. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

कर्जखतांची कथा याच अंगाने वाचावी. वडिलांच्या सावकारीची खते तुकोबांनी निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, अशी कथा परंपरेने जपली आहे. सामान्यतः ती निःस्पृहतेची खूण म्हणून सांगितली जाते. परंतु ज्यांची ती खते होती, तेही त्याच दुष्काळातून वाचलेले लोक होते. त्यांच्याही घरांतून माणसे गेली असतील. तुकोबांनी त्यांना उपदेश केल्याचे ही कथा सांगत नाही. त्यांच्या डोक्यावरचे ओझे तेवढे उतरविल्याचे सांगते.

हे वाचन संतांना आपल्यासारखे संसारी करून टाकते, असा आक्षेप कोणी घेईल. तुकोबांचे वैराग्य आम्ही नाकारीत नाही. ते ज्या किमतीला आले ती किंमत पुसून टाकू नये, इतकेच म्हणतो. दगडाला वैराग्य येण्याचे कारण नाही.

त्या गृहस्थांविषयी एक सांगावयाचे राहिले. वर्षभराने ते आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात येऊ लागले आणि उसवलेली जुनी पुस्तके शिवू लागले. मुलाविषयी कोणी विचारले नाही, त्यांनीही काढले नाही. पुढे गावात दुसऱ्या एका घरात तसाच प्रसंग आला, तेव्हा ते तेथे रोज संध्याकाळी जाऊन बसत. काय बोलत असत, असे आम्ही एकदा त्यांना विचारले. ‘काही नाही,’ ते म्हणाले, ‘त्यांचे विजेचे बिल भरावयाचे राहिले होते, ते भरून आलो.’