‘पिग्मॅलियन’चे माध्यमांतर आणि मंजुळेची बोली

बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचा पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’शी (१९७५) असलेला संबंध मूळ कृती आणि रूपांतर एवढ्यापुरताच पाहिला जातो. या दोहोंमध्ये १९३८ चा ब्रिटिश चित्रपट उभा आहे, याकडे दुर्लक्ष होते.

अँथनी अ‍ॅस्क्विथ व लेस्ली हॉवर्ड दिग्दर्शित या चित्रपटाची पटकथा लिहिण्यात स्वतः शॉ यांचा सहभाग होता. १९१३ मध्ये प्रथम रंगभूमीवर आलेल्या नाटकात एलायझाचा उच्चभ्रू समाजातील विजय पडद्याआड घडतो. प्रेक्षकाला तो नंतरच्या संवादांतून कळतो. चित्रपटाने तो मेजवानीचा प्रसंग प्रत्यक्ष दाखवला. तेथे एलायझा फारसे बोलत नाही. तिच्याकडे वळणाऱ्या नजरा बोलतात. म्हणजे भाषाशिक्षणाची कसोटी अखेर दृश्याच्या बळावर पार पडते. पावसाच्या वाक्याचा प्रसिद्ध उच्चारपाठही या चित्रपटातलाच. पुढे ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेने (१९५६) तो उचलला.

पु. लं.नी नेमकी उलट दिशा धरली. त्यांच्या नाटकाचा सर्वांत गाजलेला क्षण म्हणजे प्रा. जहागिरदारांना धडा शिकवण्याची शपथ घेणारे मंजुळेचे स्वगत. शॉच्या नाटकात असे स्वगत नाही. त्याचे नाते संगीतिकेतील एलायझाच्या सूडगीताशी जुळते. परंतु गीताची जागा येथे बोलीच्या नैसर्गिक लयीने घेतली आहे. भक्ती बर्वे यांच्या मुखातून हे स्वगत मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले, ते ‘शुद्ध’ झालेल्या मंजुळेचे नव्हे. जी भाषा पुसून टाकण्याचा प्राध्यापकाने विडा उचलला आहे, तीच नाटकातील सर्वांत समर्थ भाषा ठरते. रूपांतर असे आपल्याच कथानकाला छेद देते.

शॉकडे उच्चार प्रामुख्याने वर्गाची खूण आहे. मराठीत ‘ण’ आणि ‘न’ यांतील फरकाला वर्गाबरोबर जातीचा आणि प्रदेशाचाही संदर्भ चिकटतो. पु. लं.चा विनोद या संदर्भाला स्पर्श करतो, मात्र त्याची धार फार वाढू देत नाही. ही रूपांतराची मर्यादा मानावी लागेल.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. जयपूरमध्ये उद्या मंजुळा हिंदीत उभी करायची झाल्यास तिच्या तोंडी ढुंढाडी द्यावी लागेल. प्राध्यापक अर्थातच प्रमाण हिंदी बोलेल. तेव्हा प्रेक्षक तिच्या बोलीला हसतील की तिच्या बोलीतून उमटणाऱ्या रागाला दाद देतील, यावरच त्या रूपांतराचे मोल ठरेल.