संगणकीय सेवांवरील देखरेखीचे नियम : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या सेवा, मग ती टपालसेवा असो, परीक्षा विभागाचा माहितीसाठा असो वा ग्रंथालयाची तालिका, सुरळीत चालू आहेत किंवा नाहीत हे पाहण्याचे काम आज माणूस स्वतः करीत नाही. ते देखरेखीची आज्ञावली करते. बिघाड कशाला म्हणावे, किती वेळ वाट पाहावी आणि कोणाला कळवावे हे त्या आज्ञावलीला काही ओळींच्या नियमांतून सांगितलेले असते. या नियमांविषयीचे बहुतेक लेखन ते कसे लिहावेत एवढेच सांगणारे असते. नियम हाही एक मजकूर आहे, त्याला लेखक आणि वाचक आहेत, आणि त्याने काय वगळले याचीही चिकित्सा व्हावयास हवी, ही दृष्टी त्यात अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात नागिओस आणि प्रोमिथिअस या दोन मुक्त प्रणालींमधील नियमलेखनाचा त्या दृष्टीने विचार केला आहे. नियमलेखकाचे बहुतांश श्रम मर्यादेचा आकडा ठरविण्यात खर्च होतात; परंतु ज्या घटनांची अधिकृत नोंद उपलब्ध आहे त्या पाहता नियम निष्फळ ठरतो तो अन्य दोन ठिकाणी. नियम गप्प राहिला तर त्या मौनाचा अर्थ काय, आणि तो बोलला तर ऐकणारा कोण, हे दोन प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात.

उसन्या मर्यादा

ईथन गॅलस्टॅड याने १९९९ मध्ये 'नेटसेंट' या नावाने एक आज्ञावली प्रसिद्ध केली. नावाच्या हक्काचा प्रश्न उद्भवल्याने २००२ मध्ये तिचे नाव नागिओस झाले. तिच्या नियमांचे व्याकरण अतिशय सुबोध आहे. तपासणी करणारा छोटासा उपक्रम ० ते ३ यांपैकी एक अंक परत देतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे धोका आणि ३ म्हणजे अज्ञात. यांतील शेवटच्या अंकाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

एक तपासणी फसली की लगेच ओरड करायची नाही, ही या प्रणालीची दुसरी शिस्त होय. समजा, दर ५ मिनिटांनी तपासणी, शंका आल्यास दर मिनिटाला फेरतपासणी आणि एकूण ४ प्रयत्न अशी मांडणी आहे. पहिली तपासणी फसल्यावर आणखी तीन फसाव्या लागतात, तेव्हा कोठे बिघाड 'पक्का' ठरतो. म्हणजे सेवा बंद पडल्यापासून निरोप निघेपर्यंत, बिघाड कोणत्या क्षणी झाला त्यानुसार, ३ ते ८ मिनिटे जातात. हा विलंब नियमात एका जागी कोठेही लिहिलेला नसतो. तीन निरनिराळ्या ओळींतील आकडे जुळवून तो वाचकालाच काढावा लागतो. आपली व्यवस्था किती मिनिटे आंधळी आहे असे विचारले असता अनुभवी व्यवस्थापकही पटकन सांगू शकत नाहीत, याचे कारण या मांडणीत आहे.

मर्यादांचे आकडे मात्र उघड लिहिलेले असतात, आणि गंमत अशी की तेच सर्वांत कमी विचाराने लिहिलेले असतात. नागिओससोबत एक नमुना-संचिका मिळते. तीत तबकडीवर २० टक्के जागा उरली की इशारा व १० टक्के उरली की धोका, २० वापरकर्ते झाले की इशारा व ५० झाले की धोका, २५० प्रक्रियांना इशारा व ४०० ना धोका असे आकडे आहेत. उदाहरणापुरते दिलेले हे आकडे अनेक ठिकाणी कायमचे नियम होऊन बसतात. १०० जीबीच्या तबकडीवर १० टक्के म्हणजे १० जीबी. एखादी बिघडलेली नोंदवही ते एका रात्रीत भरून टाकील. १० टीबीच्या साठ्यावर तेच १० टक्के म्हणजे १ टीबी होतात, आणि तेथे धोक्याचा तांबडा दिवा वर्षभर विनाकारण जळत राहील.

मराठी वाचकाला 'इशारा पातळी' आणि 'धोका पातळी' हे शब्द पावसाळ्यातील बातम्यांमुळे चांगले परिचित आहेत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट, तर सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची अनुक्रमे ४० व ४५ फूट धरली जाते. पंचगंगेचा आकडा कृष्णेला लावण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही, कारण तो त्या ठिकाणच्या पात्राचा आणि काठावरच्या वस्तीचा आकडा आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र परक्या नदीची पातळी आपल्या घाटावर रंगविण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

प्रोमिथिअसने येथे एक खरी सुधारणा केली. २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत आरंभ झालेली ही प्रणाली केवळ आत्ताचे माप पाहत नाही, मापांची मालिका साठवून तिच्यावर गणित करू देते. त्यामुळे 'गेल्या तासाच्या वेगाने ही तबकडी पुढील चार तासांत भरेल काय' असा प्रश्न नियमातच विचारता येतो. टक्केवारीपेक्षा हा प्रश्न अधिक शहाणा आहे, कारण उत्तर मिळाल्यावर माणसाला काही करण्यास वेळ उरतो.

मौनाचे दोन अर्थ

तथापि याच सामर्थ्याच्या पोटात एक उणीव दडलेली आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती मर्यादेच्या कोणत्याही चुकीहून गंभीर आहे. प्रोमिथिअसमधील नियम म्हणजे एक गणिती विधान. त्या विधानाला उत्तर म्हणून काही मालिका मिळाल्या तर इशारा उभा राहतो, काहीच मिळाले नाही तर नियम गप्प राहतो. परंतु 'काहीच मिळाले नाही' याची कारणे दोन असू शकतात : सर्व काही ठीक आहे, किंवा माप येणेच थांबले आहे. नियमाला या दोहोंतील भेद कळत नाही.

एक नेहमीचा नियम घेऊ. अयशस्वी विनंत्यांना एकूण विनंत्यांनी भागावे आणि भागाकार ५ टक्क्यांहून अधिक असेल तर कळवावे. नियम वाचताना निर्दोष वाटतो. आता सेवेपुढचा मार्गच तुटला आणि एकही विनंती पोहोचेनाशी झाली असे समजू. अंश शून्य, छेदही शून्य. या भागाकाराचे उत्तर 'संख्या नव्हे' असे येते, आणि जी संख्याच नव्हे ती ५ टक्क्यांहून मोठी आहे काय या प्रश्नाचे उत्तर 'नाही'. सेवा शंभर टक्के अनुपलब्ध असताना नियम पूर्ण शांत! निम्मी सेवा बिघडली तर ओरडणारा आणि सगळीच नाहीशी झाली तर गप्प बसणारा हा पहारेकरी आहे. सेवेचे नाव यादीतूनच गळाले तर तिच्याविषयीच्या सर्व मालिका लुप्त होतात, आणि यंत्र जिवंत आहे काय हे सांगणारी मूलभूत मालिकाही त्यांच्यासोबत जाते.

यावर उपाय आहेत. अमुक मालिका उपस्थितच नसेल तर कळवा, असे सांगणारे फल या भाषेत उपलब्ध आहे. परंतु ते स्वतंत्रपणे, आठवणीने लिहावे लागते. सामान्य नियमाच्या रचनेत ते अंगभूत नाही. या एका मुद्द्यावर जुन्या नागिओसची रचना अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. तेथे 'मला ठाऊक नाही' हे एक स्वतंत्र उत्तर आहे, त्याला ३ हा अंक आहे आणि त्यासाठी निरोपही पाठविता येतो. अर्थात ही प्रामाणिकता वापरणाऱ्यावर अवलंबून राहते. अज्ञात स्थितीचे निरोप फार येतात म्हणून निरोपांच्या पर्यायांतून तेवढे एक अक्षर वगळून टाकण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि मग तेथेही अज्ञान व आरोग्य एकरूप होऊन जातात.

देखरेख करणारे यंत्रच बंद पडले तर काय, हा याच प्रश्नाचा पुढचा टप्पा. त्यासाठी प्रोमिथिअसच्या परिसरात एक चतुर योजना रूढ आहे. सदैव सत्य असणारा एक नियम लिहितात. त्याचा इशारा अखंड वाजत राहतो आणि बाहेरची एखादी स्वतंत्र व्यवस्था तो ऐकत असते. तो थांबला की ती व्यवस्था माणसाला उठविते. गस्तीवरच्या पहारेकऱ्याची आरोळी ऐकू येईनाशी झाली की गाव जागे व्हावे, तसेच हे. मौनाला निश्चित अर्थ देणारा हा एकच नियम इतर पन्नास नियमांइतका मोलाचा आहे.

ऐकणारा कोण?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वीज गेली आणि सुमारे ५ कोटी लोक अंधारात सापडले. त्या दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी आज्ञावली निकामी झाली होती. पडद्यावर इशारे नव्हते, म्हणून जाळे ठीक आहे असे चालकांनी मानले. अमेरिका-कॅनडा संयुक्त कृतिदलाच्या अहवालातील एक तपशील विशेष मननीय आहे. पुढे मुख्य संगणक आणि नंतर राखीव संगणक बंद पडला, तेव्हा कंपनीच्या संगणक विभागातील कर्मचाऱ्यांना आपोआप निरोप गेला. त्यांनी यंत्र पुन्हा सुरू करण्याची खटपट केली, परंतु इशारे मिळत नाहीत ही गोष्ट चालकांपर्यंत पोहोचलीच नाही. येथे नियम होता, तो वेळेवर बोललाही. पण ज्यांचे निर्णय त्यावर अवलंबून होते ते त्याच्या वाचकांच्या यादीत नव्हते.

नाईट कॅपिटल या दलाली संस्थेची कथा याच्या उलट आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी सदोष आज्ञावलीमुळे सुमारे ४५ मिनिटांत तिला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. बाजार उघडण्यापूर्वीच तिच्या अंतर्गत व्यवस्थेने चूक दर्शविणारी ९७ ई-पत्रे कर्मचाऱ्यांच्या एका गटाला धाडली होती. अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाच्या २०१३ च्या आदेशानुसार ही पत्रे इशारा म्हणून योजलेली नव्हती आणि ती प्राप्त होताच वाचण्याचा कर्मचाऱ्यांचा प्रघात नव्हता. सर्वांना मिळालेला निरोप कोणाचाच नव्हता.

गिटलॅब या संस्थेने ३१ जानेवारी २०१७ च्या दुर्घटनेचा वृत्तांत स्वतःच प्रसिद्ध केला, ही गोष्ट प्रशंसनीय आहे. मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला आणि मग उघड झाले की दैनंदिन प्रतिलिपी घेण्याचे काम आज्ञावलीच्या आवृत्तीतील विसंगतीमुळे फसत आले होते. फसल्याची ई-पत्रे निघत होती. परंतु ती आवश्यक प्रमाणीकरणाविना धाडली जात असल्याने टपालसेवा ती नाकारीत होती. अखेर योगायोगाने सुमारे सहा तास आधी घेतलेल्या दुसऱ्या एका प्रतीवरून सेवा उभी करावी लागली.

या तिन्ही प्रसंगी आकड्याच्या मर्यादेत काही बदल केला असता तरी फरक पडला नसता. तरीही अशा घटनांनंतर आणखी नियम लिहिण्याकडे संस्थांचा ओढा असतो, आणि नियम वाढले की निरोप वाढतात, निरोप वाढले की ते वाचणारा माणूस थकतो. रात्री दोन वाजता झोपमोड झालेल्या व्यक्तीला 'प्रक्रियांची संख्या ४०१' या वाक्याने काय करावे हे कळत नसेल, तर ते वाक्य व्याकरणशुद्ध असूनही निरर्थकच होय.

त्रुटींचा अर्थसंकल्प आणि लहान संस्था

गूगलमधील अभियंत्यांनी २०१६ व २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांतून या गोंधळावर एक तत्त्वनिष्ठ तोडगा मांडला गेला. यंत्राच्या प्रकृतीपेक्षा वापरणाऱ्याला काय भोगावे लागते ते मोजावे, आणि चुकांना एक ठरावीक अर्थसंकल्प द्यावा. ९९.९ टक्के यशाचे उद्दिष्ट असेल तर ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटांच्या पूर्ण बंदीइतकी चूक क्षम्य. हा अर्थसंकल्प साधारण गतीच्या १४.४ पट वेगाने तासभर खर्च होत राहिला, म्हणजे महिन्याचा २ टक्के वाटा एका तासात संपला, की माणसाला तत्काळ बोलवावे. वापरणाऱ्याचा त्रास हाच निकष धरल्यामुळे ही मांडणी पूर्वीच्या सर्व मांडण्यांहून श्रेष्ठ ठरते.

पण ती ज्या भूमीत उगवली तेथे क्षणाला हजारो विनंत्या येतात. एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय-तालिकेवर रात्री तासाला २० विनंत्या येत असतील तर त्यांतील एक फसली तरी ते प्रमाण ५ टक्के, म्हणजे क्षम्य मर्यादेच्या ५० पट होते, आणि कोणा एकाच्या तुटलेल्या जोडणीसाठी व्यवस्थापकाची झोप मोडते. मूळ ग्रंथकारांनाही ही अडचण ठाऊक आहे. विरळ वापराच्या सेवांसाठी कृत्रिम विनंत्या सोडाव्यात, अनेक लहान सेवा एकत्र मोजाव्यात असे पर्याय त्यांनी सुचविले आहेत. आपल्याकडील संस्थांना यांपैकी पहिला पर्याय अधिक उपयुक्त वाटतो. दर मिनिटाला एक कृत्रिम विनंती सोडली की छेद शून्य होण्याचा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटतो, आणि निकालाच्या दिवशी विद्यार्थ्याला जे पान दिसणार तेच पान देखरेखीलाही दिसते.

अलीकडे नियमांची चाचणी घेण्याची साधने उपलब्ध झाली आहेत. प्रोमिथिअससोबत येणाऱ्या प्रॉमटूल या साधनाला काल्पनिक मापे पुरविली की अमुक मिनिटाला इशारा उभा राहील किंवा नाही ते सांगता येते. मालिका मध्येच नाहीशी होईल अशी मापे मुद्दाम पुरविल्यास वर वर्णिलेले मौनही त्यात पकडता येते, आणि नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने तेवढे तरी करावे. मात्र हे साधन नियम उभा राहण्यापाशी थांबते. तेथून पुढचा मार्ग, म्हणजे निरोप कोणत्या वाटेने जातो, टपालसेवा तो स्वीकारते काय, तो ज्या क्रमांकावर पोहोचतो तो क्रमांक वापरणारी व्यक्ती अद्याप त्या विभागात आहे काय, हे त्याला दिसत नाही. गिटलॅबची ती ई-पत्रे या चाचणीत उत्तीर्णच ठरली असती. तो मार्ग तपासण्यासाठी ठरलेल्या दिवशी, पूर्वसूचना देऊन, एखादी दुय्यम सेवा खरोखरच बंद करावी लागते आणि कोणाचा दूरध्वनी किती मिनिटांनी वाजतो हे घड्याळ लावून पाहावे लागते.