‘वऱ्हाड’चा दौरा : बोली आणि प्रयोगरूप
औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग १९७९ मध्ये रंगमंचावर आला आणि पुढे परदेशापर्यंत पोहोचला. ५० हून अधिक व्यक्तिरेखा एकट्यानेच साकारल्यामुळे दौऱ्याचा व्याप आटोपशीर राहिला, हे खरे. परंतु यशाची एवढीच मीमांसा अपुरी ठरते. दूरच्या प्रेक्षकांसाठी त्यांनी मराठवाडी बोली सौम्य केली नाही. पात्राचे वय, नाते, मानपान तिच्या हेलातूनच उलगडतात. त्यामुळे येथे विनोद बोलीवर नव्हे, तर बोलीतून घडतो. २००९ मध्ये देशपांडे यांचे निधन झाले. त्यानंतर संदीप पाठक यांनी हा प्रयोग सादर केला. यावरून त्याचे सामर्थ्य केवळ व्यक्तिगत नकलाकौशल्यात नसून संहितेच्या भाषेतही आहे, असे म्हणता येईल.